चित्रामागचे हात

(पाठाविषयी : जुन्या चित्रकथांतील विनोदी प्राणी सर्वांच्या ओळखीचे असतात. पण ते रेखाटणारे चित्रकार आणि त्यांना बोलते करणारे लेखक बऱ्याचदा अनामिक राहतात. अशा कलावंतांचा छडा कसा लावतात आणि तो का लावायचा, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, खलाशाची टोपी घातलेले एक चिडके बदक तुम्ही पाहिले असेल. त्याचे नाव डोनाल्ड डक. त्याचा चिक्कू काका स्क्रूज सोन्याच्या नाण्यांच्या ढिगात पोहतो. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर ही बदके हिंदी बोलत असत. बदकांची नावे तुम्हाला माहीत आहेत. परंतु स्क्रूज काकाला पहिल्यांदा कागदावर कोणी आणले, हे सांगता येईल का?

बहुतेक जण म्हणतील, ‘वॉल्ट डिस्ने यांनी.’ हे उत्तर बरोबर नाही. अमेरिकेत निघणाऱ्या त्या चित्रकथांच्या मुखपृष्ठावर वॉल्ट डिस्ने हे एकच नाव छापलेले असे. आत कोणाचेही नाव नसे. म्हणून लाखो मुलांना वाटे की सगळी चित्रे डिस्नेसाहेबच काढतात. प्रत्यक्षात ते एका मोठ्या कंपनीचे मालक होते. चित्रकथांची पाने भरणारे हात दुसऱ्यांचेच होते.

काही चौकस मुलांच्या लक्षात एक गोष्ट आली. डोनाल्डच्या सगळ्या गोष्टी सारख्या नसत. काही गोष्टींतील बदके जास्त जिवंत वाटत. त्यांचा राग, भीती आणि लबाडी चेहऱ्यावर स्पष्ट दिसे. मागचे डोंगर, जहाजे आणि जुनी शहरे मन लावून काढलेली असत. गोष्टही पक्की बांधलेली असे. मुलांना चित्रकाराचे नाव माहीत नव्हते. म्हणून त्यांनी त्याला स्वतःच एक नाव दिले – ‘चांगला बदक-चित्रकार’!

हा चित्रकार म्हणजे कार्ल बार्क्स. त्यांचा जन्म १९०१ साली ऑरेगॉन राज्यात झाला. १९४२ पासून ते बदकांच्या चित्रकथा करत होते. स्क्रूज काका हे पात्र त्यांनी १९४७ साली निर्माण केले. त्यांच्या बहुतेक गोष्टी त्यांनीच लिहिल्या आणि त्यांनीच रेखाटल्या. तरीही वाचकांना त्यांचे नाव कळले नाही. शेवटी काही वाचकांनी चिकाटीने नाव मिळवले आणि १९६० साली स्पायसर नावाच्या दोन भावांचे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचले. तेव्हा बार्क्स ५९ वर्षांचे होते. अठरा वर्षे ते काम करत होते आणि त्यांच्या चित्रांवर प्रेम करणाऱ्या वाचकांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते. बार्क्स २००० साली वारले. तोपर्यंत त्यांचे नाव जगभर पोहोचले होते. वाचकांनी शोध घेतला नसता तर ते पोहोचले असते का?

हात कसा ओळखावा?

तुम्ही म्हणाल, ‘बदक तर तेच, मग चित्रकार वेगळा हे कसे कळणार?’ प्रश्न योग्य आहे. चित्रकथा काढणाऱ्या कंपन्या आपल्या चित्रकारांना प्रत्येक पात्राचे नमुना-चित्र देतात. डोके किती मोठे, चोच किती लांब, टोपी कशी, हे सर्व त्यात ठरलेले असते. कोणीही काढले तरी पात्र एकसारखे दिसावे, हा त्यामागील हेतू असतो.

म्हणूनच हात ओळखताना पात्राच्या चेहऱ्यावर थांबून चालत नाही. ज्या गोष्टींचा नमुना कोणी दिलेला नसतो, तिकडे पाहावे लागते. झाडाची पाने, दगड, पाण्याच्या लाटा, धूर, कपड्यांच्या चुण्या, धावणाऱ्या पायांमागची धूळ आणि संवादाच्या फुग्याचे टोक – या जागी चित्रकाराचा हात मोकळा असतो. तेथे तो आपल्या सवयीने रेषा काढतो. सवय लपत नाही.

ही युक्ती जुनी आहे. इटलीत जोव्हानी मोरेल्ली (१८१६–१८९१) नावाचे एक अभ्यासक होऊन गेले. त्यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले होते. सही नसलेली जुनी चित्रे कोणाची, हे ठरवताना ते चेहऱ्यापेक्षा कान आणि बोटांची नखे बारकाईने पाहत. नक्कल करणारा चेहरा हुबेहूब काढतो. पण कान काढताना त्याचा स्वतःचा हात उघडा पडतो, असे त्यांचे म्हणणे होते.

तुम्हीही हे रोज करता. तुमच्या वर्गातील मित्राची वही नाव न वाचता ओळखता ना? सर्वांनी एकच धडा उतरवलेला असतो; तरी ‘काफ’ची मरकज किंवा ‘नून’ची वाटी पाहून तुम्ही सांगता, ‘ही अमक्याची वही!’ चित्रकथेतील हात ओळखणे हे याच जातीचे काम आहे.

परंतु केवळ डोळ्यांवर विसंबू नये. डोळ्यांनी ओळखलेले कागदाने तपासावे लागते. त्यासाठी चार ठिकाणी पुरावा शोधतात. पहिले ठिकाण म्हणजे चित्राचा कोपरा. तेथे कधी लहानशी सही किंवा आद्याक्षरे असतात. दुसरे ठिकाण म्हणजे अंकाचे आतले पान. तेथे बारीक अक्षरांत नावे छापलेली असू शकतात. तिसरे म्हणजे कचेरीतील नोंदी – कोणत्या पानांसाठी कोणाला किती पैसे दिले, याचा हिशेब. चौथे आणि सर्वांत मोलाचे ठिकाण म्हणजे तो माणूस स्वतः. तो हयात असेल तर त्याला विचारावे. त्याच्यासोबत काम केलेल्यांना विचारावे. उशीर केला तर हे दार कायमचे बंद होते.

एका गोष्टीमागे किती हात?

आता एक अवघड गोष्ट समजून घेऊ. एका चित्रकथेमागे नेहमी एकच माणूस नसतो.

१९४२ साली डोनाल्डची एक ६४ पानी चित्रकथा प्रसिद्ध झाली. तीत बदके समुद्री चाच्यांचे सोने शोधायला निघतात. तिची कथा बॉब कार्प यांनी लिहिली होती. चित्रे मात्र दोघांनी काढली. निम्मी पाने कार्ल बार्क्स यांनी आणि निम्मी जॅक हॅना यांनी! पुस्तक एक, लेखक एक, चित्रकार दोन. ‘हे पुस्तक बार्क्स यांचे’ असे म्हटले, तर हॅना आणि कार्प यांचे श्रम आपण पुसून टाकले असे होईल.

पुढे बार्क्स यांच्या पत्नी गॅरे त्यांना मदत करू लागल्या. फुग्यांतील अक्षरे त्या लिहीत आणि काळे भाग शाईने भरत. १९६६ साली बार्क्स निवृत्त झाले. त्यानंतरही त्यांनी काही गोष्टी लिहून दिल्या. त्यांची चित्रे मात्र इतरांनी काढली. त्या गोष्टींतील रेषा पाहून कोणी म्हणेल, ‘यात बार्क्स नाहीत.’ पण शब्दांत ते आहेत. म्हणून लेखकाचा शोध वेगळा आणि चित्रकाराचा शोध वेगळा घ्यावा लागतो. लेखकाची ओळख रेषेत नसते. गोष्ट कशी सुरू होते, पात्रे कशी बोलतात, विनोद कोठे येतो, यात ती दडलेली असते.

आपल्याकडील चित्रकथा

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. मुंबईहून १९८० साली ‘टिंकल’ हे मुलांचे चित्रकथा-मासिक सुरू झाले. त्याचे संपादक अनंत पै होते. मुले त्यांना ‘अंकल पै’ म्हणत. या मासिकातील कालिया कावळा फार लोकप्रिय झाला. चमातका नावाचा कोल्हा आणि डूबडूब नावाची मगर मिळून लहान प्राण्यांना पकडायचे बेत आखतात आणि कालिया ते बेत उधळून लावतो. कालियाच्या गोष्टी लुई फर्नांडिस यांनी लिहिल्या आणि त्याला सुरुवातीला रूप दिले ते प्रदीप साठे यांनी. प्राण्यांना घाबरणारा शिकारी शंभू तुम्हाला आठवत असेल. डोळ्यांवर टोपी ओढलेला हा शिकारी १९८३ साली आला. त्याचे लेखकही फर्नांडिसच होते आणि त्याचे पहिले चित्रकार वसंत हळबे हे होते. पुढे शंभूची चित्रे सावियो मस्करेन्हस काढू लागले. पात्र तेच राहिले, हात बदलला. म्हणून ‘शंभूचा चित्रकार कोण?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘या अंकातील शंभूचा चित्रकार कोण?’ असे विचारले पाहिजे.

‘चांदोबा’ हे मासिक तुमच्या आई-वडिलांनी वाचले असेल. मद्रासहून निघणाऱ्या ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाली. त्यातील चित्रांखाली ‘चित्रा’, ‘शंकर’ अशा सह्या असत. वड्डादि पापय्या हे चित्रकार आपली सही तेलुगू लिपीत ‘वपा’ अशी करीत. सही डोळ्यांसमोर होती. पण मराठी वाचकाला ती वाचता येत नव्हती! लेखकांचे तर याहून वेगळे होते. ‘चंदामामा’तील गाजलेल्या साहसी मालिका दासरी सुब्रह्मण्यम यांनी लिहिल्या, परंतु त्यांवर त्यांचे नाव नसे. तेलुगू वाचकांनी ही गोष्ट पुढे लोकांसमोर आणली. सुब्रह्मण्यम २०१० साली वारले.

बोलका कावळा किती जुना?

कालियासारखा बोलणारा कावळा आपल्याकडे नवा नाही. पंचतंत्रात करटक आणि दमनक असे दोन कोल्हे आहेत. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांनी ही कथा पहलवीतून अरबीत आणली तेव्हा ते ‘कलीला’ आणि ‘दिमना’ झाले. हुसेन वाइज काशिफी यांनी तिला फारसीत ‘अनवार-ए-सुहैली’ हे रूप दिले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हफीजुद्दीन अहमद यांनी ‘खिरद अफरोज’ या नावाने ती उर्दूत आणली. प्राण्यांची गोष्ट देशोदेशी फिरली, पण तिला हात लावणाऱ्या या लेखकांची नावे टिकून राहिली. चित्रे काढणाऱ्यांचे काय झाले?

अकबर बादशहाच्या चित्रशाळेत एक चांगली पद्धत होती. एका चित्रावर अनेकदा दोन चित्रकार काम करत. एक आराखडा काढी, दुसरा रंग भरी. अनेक हस्तलिखितांत चित्राखालच्या समासात त्यांची नावे लिहिलेली आढळतात – ‘तरह’ अमक्याची, ‘अमल’ तमक्याचा. तरह म्हणजे आराखडा आणि अमल म्हणजे प्रत्यक्ष काम. चारशे वर्षांपूर्वी दोन हातांचे श्रेय दोघांना वेगवेगळे दिले जात होते! विसाव्या शतकातील मोठ्या कंपन्यांना जे सुचले नाही, ते त्या चित्रशाळेतील कारकुनांना सुचले होते.

तरीही सर्व चित्रांवर नावे नाहीत. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये सुमारे १५९० सालचे एक मोगल चित्र आहे. त्यात एक कावळा जमलेल्या प्राण्यांसमोर भाषण करतो आहे. अकबराच्या चित्रशाळेत मिस्कीन नावाचा चित्रकार होता. प्राणी काढण्यात त्याचा हात धरणारे थोडे होते. जाणकार हे चित्र मिस्कीनचे मानतात.

‘मानतात’ हा शब्द नीट वाचा. येथे ‘मिस्कीनचे आहे’ असे लिहिलेले नाही. मराठीत यासाठी तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. सही किंवा नोंद मिळाली तर आपण लिहितो, ‘हे चित्र त्याचे आहे.’ रेषा जुळते पण कागद मिळत नाही, तेव्हा लिहितो, ‘हे चित्र त्याचे असावे.’ दुसऱ्याकडून केवळ ऐकले असेल तर लिहितो, ‘हे चित्र त्याचे आहे असे म्हणतात.’ या पायऱ्या सोडून घाईने ‘आहे’ लिहिले तर काय होते? एका अनामिक माणसाचे काम भलत्याच माणसाच्या नावावर चढते. आधी त्याचे नाव नव्हते. आता त्याची जागाही गेली. नाव न लिहिणे हा एक अन्याय आहे; चुकीचे नाव लिहिणे हा त्याहून मोठा अन्याय आहे, कारण तो झाल्यावर पुढे कोणी शोधच घेत नाही.

आपण काय करू शकतो?

हे काम केवळ विद्वानांचे नाही. बार्क्स यांना शोधणारे वाचकच होते. त्यांच्याजवळ जुने अंक होते, डोळे होते आणि चिकाटी होती.

बीड जिल्ह्यातील कडा हे अहिल्यानगरहून आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बाजाराचे गाव. अशा गावांत फ्लेक्स येण्यापूर्वी दुकानांच्या पाट्या पेंटर हाताने रंगवीत. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात पेंटरचे नाव बारीक अक्षरांत असे. ऊन-पावसाने ते आधी जाते. अशी एखादी पाटी अजून असेल तर ते नाव आजच वहीत उतरवून घ्या.

तुमच्या घरी उर्दूची जुनी पुस्तके असतील. संगणक येण्यापूर्वी ती कातिब हाताने लिहीत. चेन्नईचे ‘द मुसलमान’ हे १९२७ साली सुरू झालेले उर्दू वर्तमानपत्र तर संगणक आल्यानंतरही अनेक वर्षे हाताने लिहिले जात होते. जुन्या पुस्तकाच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर कातिबाचे नाव सापडते का, ते पाहा. शायराचे नाव सर्वांना ठाऊक असते. त्याचा शेर ज्याने सुंदर अक्षरांत आपल्यापर्यंत आणला, त्याचे नाव कोणाला ठाऊक असते?

आणि तुमचे पाठ्यपुस्तक? त्याच्या सुरुवातीच्या पानावर मुखपृष्ठ व चित्रे कोणी काढली, हे छापलेले असते. आपण ते पान उलटून पुढे जातो. प्रसिद्ध हास्यचित्रकार शि. द. फडणीस यांनी एके काळी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रे काढली होती. त्या चित्रांमुळे गणिताची भीती कमी झाली, असे सांगणारे कितीतरी लोक आज भेटतात. चित्र त्यांना आठवते. नाव आठवले तर कृतज्ञता योग्य माणसापर्यंत पोहोचते.

म्हणून मित्रांनो, यापुढे चित्रकथा हाती आली की आधी पोट धरून हसा. मग पुन्हा पहिल्या पानावर या आणि कोपऱ्यातील बारीक अक्षरे वाचा. नाव असेल तर लक्षात ठेवा. नाव नसेल तर विचारा, ‘हे हात कोणाचे?’

शब्दार्थ

छडा लावणे – शोधून काढणे, सुराग लगाना
अनामिक – ज्याचे नाव माहीत नाही असा, बेनाम
चौकस – सर्व बाबतींत विचारपूस करणारा
हुबेहूब – अगदी तसेच, हू-ब-हू
सही – दस्तखत
नोंद – लिहून ठेवलेली माहिती, इंदराज
पुरावा – सबूत
आराखडा – कच्चे रेखाटन, खाका
समास – पानाच्या कडेची कोरी जागा, हाशिया
श्रेय – केलेल्या कामाचा मान
विसंबणे – अवलंबून राहणे, भरोसा करना
हात धरणे – (येथे) बरोबरी करणे
कृतज्ञता – उपकारांची जाणीव, शुक्रगुजारी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलांनी कार्ल बार्क्स यांना कोणते नाव दिले होते?
(आ) मोरेल्ली चित्रातील कोणत्या भागांकडे बारकाईने पाहत?
(इ) कालिया कावळ्याच्या गोष्टी कोणी लिहिल्या?
(ई) ‘तरह’ आणि ‘अमल’ या शब्दांचे अर्थ काय?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) एकाच पात्राच्या चित्रांवरून चित्रकार ओळखणे अवघड का असते?
(आ) पुरावा शोधण्याची चार ठिकाणे कोणती?
(इ) चुकीचे नाव लिहिणे हा मोठा अन्याय आहे, असे लेखक का म्हणतात?

प्र. ३. जोड्या जुळवा.
‘अ’ गट : (१) गॅरे बार्क्स (२) वसंत हळबे (३) हफीजुद्दीन अहमद (४) वड्डादि पापय्या
‘ब’ गट : (क) खिरद अफरोज (ख) फुग्यांतील अक्षरे (ग) ‘वपा’ ही सही (घ) शिकारी शंभू

प्र. ४. कंसातील सूचनेप्रमाणे वाक्य पुन्हा लिहा.
(अ) हे चित्र हळबे यांचे आहे. (पुरावा नाही, अंदाज आहे असे दाखवा.)
(आ) ही गोष्ट फर्नांडिस यांची असावी. (छापील नाव सापडले आहे असे दाखवा.)
(इ) ही पाटी आजोबांच्या मित्राने रंगवली. (केवळ ऐकले आहे असे दाखवा.)

प्र. ५. उपक्रम : घरातील, शाळेतील किंवा गावातील हाताने केलेली एक जुनी वस्तू निवडा – पाटी, पुस्तक किंवा चित्र. ती कोणी केली, याचा शोध घ्या. मिळालेली माहिती लिहिताना ‘आहे’, ‘असावे’ आणि ‘म्हणतात’ यांचा योग्य वापर करा.